गिटारची मान कशाची असावी?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे आवरते घेतले आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



ह्या मालेत माझ्या आधीचे वक्ते मधुमेहावर बोलले, इच्छापत्रावर बोलले, पावसाळ्यातल्या गळतीवर तर दोन तास बोलले. त्यामुळे नोटीस बोर्डावर माझा विषय लागला तेव्हा लिफ्टमध्ये दोघांनी मला विचारलं, "काका, तुम्ही गिटार कधीपासून वाजवायला लागलात?" मी वाजवत नाही. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली बरीचशी मिलिंग मशीनवर अ‍ॅल्युमिनियम कापण्यात गेली. आमच्या घरात गिटार वाजवते ती मुलगी. तिचा आवाज कुठवर जातो हे माझ्यापेक्षा आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला जास्त माहीत आहे, आणि त्यांनी आजवर एकदाही तक्रार केली नाही ह्याबद्दल आज जाहीर आभार मानून घेतो.

तर गिटारचा जो लांब दांडा आपण डाव्या हातात धरतो, त्याला नेक म्हणतात, म्हणजे मान. सतारीला आपण दांडी म्हणतो, तीच ही. गिटारच्या पोटाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. रंग तिथे, आकार तिथे, फोटोत तेच दिसतं. पण खरं काम करते ती मान.

काय काम करते, ते आकड्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला सहा तारा. नेहमीच्या जाडीच्या तारा सुरात लावल्या की त्या सहाही मिळून मानेला सुमारे ४७ किलोच्या जोराने ओढतात. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. म्हणजे जवळजवळ एक गोणी त्या दीड-दोन बोटं जाडीच्या दांड्याला रात्रंदिवस पुढे वाकवत असते. तुम्ही वाजवा, नाहीतर कपाटावर टाकून ठेवा, तिला सुट्टी नाही. आणि एवढ्या ओढाताणीत मान जवळजवळ सरळ राहिली पाहिजे. तार आणि पडदे ह्यांच्यात एक-दीड मिलिमीटरचं अंतर असतं. ते अर्ध्या मिलिमीटरने वाढलं तरी वाजवणाऱ्याची बोटं दुखायला लागतात, कमी झालं तर तार पडद्यावर घासून झणझणते.

लाकडाच्या मानेचं दुखणं ओलाव्याचं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, आणि आडव्या अंगाने फुगतं. त्यातून मान एका लाकडाची आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, दुसऱ्या लाकडाची. दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि मान बाक काढते. आपल्या ठाण्यात जुलैमध्ये दारं चौकटीत अडकतात, तेच हे. ह्यावर तोडगा म्हणून मानेच्या पोटात एक पोलादी सळई घालतात, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू ह्या कारागिराने ती बसवली आणि १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. सळईच्या टोकाला नट असतो. तो आवळला की मान मागे येते, सैल केला की तारा तिला पुढे घेतात. आजही जगातल्या बहुतेक गिटारींत हीच व्यवस्था आहे. शंभर वर्षं टिकली, म्हणजे ती चांगली आहे ह्यात वाद नाही. पण माझ्यासारख्या माणसाला प्रश्न पडतो. वाकणारी वस्तू वापरायची आणि तिच्यात न वाकणारी सळई घालायची, त्यापेक्षा मुळातच न वाकणारी वस्तू का घेऊ नये?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडलेला नाही. किंबहुना इलेक्ट्रिक गिटारचा जन्मच लाकडाशिवाय झाला असं म्हणायला हरकत नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी जी पहिली इलेक्ट्रिक गिटार विक्रीला काढली, ती अखंड अ‍ॅल्युमिनियमची, साच्यात ओतलेली होती. गोल पोट आणि लांब दांडा. दिसायला थेट आमलेटचा तवा. लोक तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणायला लागले. ही मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची हवाइयन गिटार. ज्येष्ठ मंडळींना विविध भारतीवर सुनील गांगुलींच्या गिटारवर ऐकलेली गाणी आठवत असतील, तीच ही जात.

आणि त्या तव्यातच अ‍ॅल्युमिनियमचा दोष उघडा पडला. स्टेजवरच्या दिव्यांनी धातू तापायचा आणि सूर हलायचा. हिशोब करून बघा. तारेची वाजती लांबी धरा ६४८ मिलिमीटर, आजच्या बऱ्याच गिटारींची तीच असते. अ‍ॅल्युमिनियम दहा अंश तापलं तर एवढ्या लांबीत सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढतं, कागदाच्या दीड पानाएवढं. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? पण सगळ्यात बारीक तार सुरात लावताना मुळात साडेचार मिलिमीटरच्या आसपासच ताणलेली असते. त्यात ०.१५ची भर म्हणजे तीन टक्के ताण जास्त. कान तयार असलेल्या माणसाला ते लगेच कळतं. शिवाय तारासुद्धा तापतात, पण त्या पोलादाच्या, आणि पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्यानेच वाढतं. वर तारा बारीक म्हणून आधी तापतात, मान जाड म्हणून मागून तापते. त्यामुळे सूर आधी उतरतो आणि मग चढतो. वादकाने करायचं काय? रिकनबॅकरांनी पुढे १९३५ साली बेकेलाइटची गिटार काढली. बेकेलाइट म्हणजे आपल्या जुन्या काळ्या टेलिफोनचं आणि विजेच्या बटणांचं प्लॅस्टिक.

ह्याच सुमारास विस्कॉन्सिनमधला एक पोरगा वेगळाच प्रयोग करत होता. पुढे लेस पॉल म्हणून जगभर गाजला तो हाच. त्याने रेल्वेच्या रुळाचा दोन-अडीच फुटी तुकडा घेतला, त्यावर एक तार ताणली, खाली टेलिफोनच्या रिसिव्हरमधला भाग लावला आणि तार छेडली. सूर विरेचना. तो आनंदाने आईकडे धावला. आई म्हणाली, घोड्यावर बसून रूळ वाजवणारा गडी मला दाखव, मग बघू. हा किस्सा लेस पॉल म्हातारपणापर्यंत स्वतःच सांगायचा. आईचा मुद्दा बिनतोड होता. आवाज कितीही चांगला असला तरी वाद्य माणसाला उचलता आलं पाहिजे. पुढची सगळी गोष्ट ह्या मायलेकांच्या वादाचीच आहे.

आता आपण एकदम पन्नाशीच्या शेवटी इटलीत जाऊ. काव्रियागो नावाच्या गावात अंतोनिओ पिओली हा मोटरसायकलवेडा माणूस 'वांद्रे' ह्या नावाने गिटारी करायचा. (आपल्या वांद्र्याशी काही संबंध नाही, मीही आधी दचकलो होतो.) त्याच्या गिटारी बघून तुम्हाला हसू येईल. कोणी लंबगोल, कोणी विरघळलेल्या बर्फीसारखी, एकीला तर अ‍ॅम्प्लिफायरच चिकटवलेला. पण ह्या सगळ्या गमतीच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा कणा होता. मान आणि पोटातून आरपार जाणारा दांडा धातूचा, बाकीचं रंगीत सोंग त्याच्यावर टांगलेलं. साठीच्या शेवटी त्याने गिटारी सोडल्या आणि मोटरसायकलवाल्यांसाठी चामड्याचे कपडे करायला लागला.

सत्तरीत कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन आला. माझं ह्या माणसावर जरा जास्त प्रेम आहे, म्हणून थांबतो. १९७४ साली त्याने कंपनी काढली. ६०६१-टी६ ह्या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घ्यायचा आणि त्यातून पूर्ण मान कोरून काढायची. ही जात मी स्वतः वर्षानुवर्षं कापली आहे. लोण्यासारखी कापते पण बाक काढत नाही. मान पोटात खोलवर जायची आणि तारा जिथे टेकतात तो ब्रिज आणि पिकअप दोन्ही त्याच धातूवर बसायचे. म्हणजे तारेची दोन्ही टोकं एकाच धातूच्या तुकड्यावर, मध्ये लाकूड नाही, स्क्रूचा सांधा नाही. पोट मात्र कोआ नावाच्या सुंदर हवाइयन लाकडाचं. मानेच्या डोक्यावर इंग्रजी टी अक्षर आरपार कापलेलं, दुरून ओळखू यावं असं. ग्रेटफुल डेडच्या जेरी गार्सियाने ती वाजवली, रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनकडे तिचा बास होता. तरी १९७९मध्ये कंपनी बंद. पाच वर्षांत गिटारी आणि बास मिळून साधारण साडेतीन हजार नग.

का बंद पडली? एक तर वजन. साडेचार किलोची गिटार तासभर खांद्याला लावून बघा. दुसरं म्हणजे थंडपणा. थंडीत गाडीच्या डिकीतून काढलेल्या धातूला हात लावायचा आणि नाजूक वाजवायचं! आणि तिसरं, करायला खर्च फार. तरी ज्यांना ती आवडली त्यांना ती अशी आवडली की सोडवेना. शिकागोचा ध्वनिमुद्रणकार आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी २०२४मध्ये वारला, तोपर्यंत त्याची ओळख ट्रॅव्हिस बीनच्या गिटारीशी जोडलेली होती. त्या गिटारीचा आवाज काचेवर नाणं आपटावं तसा धारदार. मला स्वतःला तो दहा मिनिटांच्या वर सोसत नाही, पण मुलगी म्हणते की तो वयाचा प्रश्न आहे.

बीनचा एक जुना भागीदार गॅरी क्रेमर. त्याच्या नावाने न्यू जर्सीत निघालेल्या कंपनीने तोच विचार जास्त शहाणपणाने केला. अ‍ॅल्युमिनियमचा कणा ठेवायचा, पण मानेच्या पाठीला दोन बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या. तळहाताला लागतं ते लाकूड, भार घेतं ते अ‍ॅल्युमिनियम. डोकं बेचक्यासारखं दोन फाट्यांचं. फिंगरबोर्डही लाकडाचा नाही, बोलिंगचा चेंडू करतात त्या तऱ्हेच्या कडक काळ्या पदार्थाचा. धंदा बरा चालला. आणि गंमत बघा, कंपनी खऱ्या अर्थाने मोठी झाली ती ऐंशीच्या दशकात, धातू सोडून लाकडी माना करायला लागल्यावर. गिऱ्हाइकाला शेवटी लाकूडच हवं होतं. धंद्यात पन्नास वर्षं काढलेले लोक इथे बसले आहेत, त्यांना ह्याचं नवल वाटणार नाही.

तोपर्यंत तिसरा पदार्थ आला होता, कार्बन फायबर. तुमच्या मुलांच्या चांगल्या बॅडमिंटन रॅकेटचा दांडा ज्याचा असतो तो. कार्बनचे केसांहून बारीक धागे राळेत बसवायचे आणि साच्यात भट्टी द्यायची. वजनाला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलका, ताठपणात सरस, आणि मुख्य म्हणजे धाग्यांच्या दिशेने उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. पाणी पीत नाही. म्हणजे लाकडाचं आणि धातूचं, दोन्हींचं दुखणं गेलं. जेफ गूल्ड हा अवकाशयानांचे भाग करणाऱ्या फोर्ड एरोस्पेसमध्ये कामाला होता. ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमात फिल लेशचा अवजड बास बघून त्याच्या डोक्यात आलं की आपण कारखान्यात हलकं आणि ताठ करण्यासाठी जे वापरतो ते इथे का नको? त्यातून अलेम्बिक ह्या कंपनीबरोबर १९७७च्या सुमारास कार्बनच्या मानेचा बास झाला, आणि पुढे गूल्डची स्वतःची मॉड्युलस कंपनी.

नेड स्टाइनबर्गरची गोष्ट आपल्या सोसायटीत सांगायलाच हवी, कारण ती एका को-ऑपरेटिव्हमध्ये घडली. ब्रुकलिनमध्ये सुतारकाम करणाऱ्यांनी मिळून एक सहकारी वर्कशॉप चालवलं होतं. नेड तिथे फर्निचर करायचा, गिटार त्याला वाजवता येत नव्हती. (हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं.) शेजारच्या टेबलावर स्टुअर्ट स्पेक्टर बास बनवायचा. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या कामात नाक खुपसायचं, हा सहकाराचा पहिला नियम. नेडने खुपसलं. त्याने एक छान बास आखून दिला, पण त्याला एक गोष्ट खटकली. मानेच्या टोकाला खुंट्यांचं जड डोकं, त्यामुळे वाद्य सतत त्या बाजूला कलंडतं. मग डोकंच कशाला हवं? तारा वरच्या टोकाला नुसत्या अडकवायच्या, आणि खुंट्या खाली पोटाच्या टोकाला न्यायच्या. कार्बन आणि काचेच्या धाग्यांचा अख्खा बास, बिनडोक्याचा, वल्ह्यासारखा. १९८०च्या आसपास तो बाजारात आला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. रशचा गेडी ली तो वाजवताना दिसला आणि ऐंशीच्या दशकात जिकडेतिकडे बिनडोक्याची वाद्यं. १९८७मध्ये गिब्सनने कंपनी विकत घेतली.

ताठ मानेचा एक फायदा विशेष सांगण्यासारखा आहे. लाकडी मानेच्या बासवर एखादा सूर असा असतो की तो छेडला की लगेच मरतो. शेजारचे सूर चार सेकंद टिकतात, हा एकच एका सेकंदात विझतो. कारण मानेचीही स्वतःची एक थरथर असते. तारेचा सूर त्या थरथरीशी जुळला की मान तारेची शक्ती पिऊन टाकते. झोक्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी धक्का दिला तर झोका वाढतो, इथे मान झोका आणि तार धक्का देणारी. मान खूप ताठ केली की तिची थरथर वरच्या पट्टीत जाते, जिथे ती कोणाच्या वाटेला जात नाही.

स्कॉटलंडच्या अँड्र्यू बाँडने ऐंशीच्या मध्यात कार्बनचीच इलेक्ट्राग्लाइड काढली. तिला पडदेच नव्हते. फिंगरबोर्डच करवतीच्या दातांसारखा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा कापलेला. यू-टूच्या द एजने ती वापरली, तरी कंपनी वर्ष-दोन वर्षांतच आटोपली. फ्रान्सच्या व्हिजियेने मधला मार्ग काढला, ९० टक्के लाकूड आणि १० टक्के कार्बन, ट्रस रॉडला रजा. फिनलंडमध्ये फ्लॅक्सवूडवाल्यांनी स्प्रूसच्या लाकडाचा भुगा करून, त्यात बांधणारा पदार्थ घालून, साच्यात दाबून गिटारी केल्या. आणि बालगोपाळांसाठी एक. २०१९मध्ये स्वीडनच्या सँडविक ह्या कंपनीने, जिची कटिंग टूल्स मी आयुष्यभर वापरली, एक गिटार केली. पोट टायटॅनियमचं, थ्रीडी प्रिंट केलेलं, आणि मान पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेली. मग ती इंग्वे माल्मस्टीनला दिली आणि सांगितलं, फोड. हा गृहस्थ स्टेजवर गिटारी फोडण्यासाठी प्रसिद्ध. त्याने ती अ‍ॅम्प्लिफायरवर आपटली, जमिनीवर आपटली. आजूबाजूचं सामान फुटलं, गिटार शाबूत.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? लाकूड काय वाईट आहे? आवाज तर लाकडाचाच गोड. इथे मला थोडं भांडायचं आहे. सतारीचा, तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यातून येतो. मिरजेच्या कारागिरांना कोणता भोपळा घ्यायचा हे बोटाने वाजवून कळतं, आणि ते शंभर टक्के खरं आहे, कारण तिथे हवा हलते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. त्याला फक्त पोलादी तारेची हालचाल कळते, लाकूड त्याला दिसतच नाही. जिम लिल नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने तर दोन वर्कबेंचांच्या मध्ये तारा ताणून, खाली पिकअप धरून वाजवलं. ना मान, ना पोट, मध्ये फक्त हवा. आणि आवाज चांगल्या गिटारीसारखाच. मान किती ताठ आहे ह्याने सूर किती टिकतो ते बदलतं, हे मी आत्ताच सांगितलं. पण अमुक झाडाचंच लाकूड हवं, ही बरीचशी श्रद्धा आहे. ती बोलून दाखवली की वादक मंडळी रागावतात, म्हणून मी ती घरात बोलत नाही.

ह्या श्रद्धेची किंमत मात्र झाडं मोजतात, आणि त्यात आपलं झाड आहे. फिंगरबोर्डसाठी जगभर वापरलं जातं ते इंडियन रोझवूड म्हणजे आपला शिसव. डालबर्जिया लॅटिफोलिया. कोकणातल्या जुन्या घरांतले शिसवी पलंग, शिसवी देव्हारे, तेच लाकूड. आधी गिटारवाले ब्राझीलचा रोझवूड वापरायचे. तो संपत आला, निर्बंध आले, आणि १९६९च्या सुमारास त्यांनी मोर्चा आपल्याकडे वळवला. हे झाड वाढायला माणसाचं आयुष्य घेतं.

२०११च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेलं शिसव व आबनूस जप्त केलं. मुद्दा जाडीचा होता. आपल्या कायद्याप्रमाणे कापीव लाकूड जसंच्या तसं निर्यात करता येत नाही, पातळ पत्रा करून करता येतं, आणि त्याची मर्यादा ६ मिलिमीटर. फिंगरबोर्डच्या पट्ट्या १०च्या आसपास होत्या. चार मिलिमीटरवरून एवढं महाभारत! पुढल्या वर्षी तडजोड झाली. त्याआधीच्या, २००९च्या मादागास्करच्या आबनुसाच्या प्रकरणात मिळून गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय कायदा पुरेसा स्पष्ट नाही असं मान्य करून भारतीय लाकूड परत केलं गेलं, आणि गिब्सनने त्या परत आलेल्या लाकडाच्या 'गव्हर्नमेंट सिरीज' नावाने गिटारी काढून विकल्या. मधल्या काळात त्यांनी रिचलाइट वापरलं. कागदाचे थर राळेत दाबून केलेला काळा तक्ता. आपल्या स्वयंपाकघरातल्या सनमायकाचा जाडजूड भाऊच म्हणा. बऱ्याच वादकांना हातात घेऊनही फरक कळला नाही.

मग २ जानेवारी २०१७पासून सायटीज ह्या आंतरराष्ट्रीय करारात डालबर्जियाची सगळी कुळी आली. प्रत्येक मालाला परवाना लागायला लागला. गिटारवालेच नाहीत, आपल्याकडचे लाकडी हस्तकला करणारेही अडकले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९मध्ये.

शेवटी घरचं सांगतो, म्हणजे मी हा विषय का घेतला ते कळेल. ब्रायन मे हे नाव मुलांना माहीत आहे, क्वीन बँडचा गिटारवादक. १९६३ साली त्याच्याकडे गिटार घ्यायला पैसे नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले. बापलेकांनी घरातच गिटार करायला घेतली, दोन वर्षं लागली. मान केली शंभर वर्षं जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून. तिला किड्यांनी भोकं पाडली होती, ती आगकाड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. पडद्यांमधले ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे. ती गिटार तो आजतागायत वाजवतो. २००२मध्ये राणीच्या महालाच्या गच्चीवर उभा राहून वाजवली ती हीच.

ही गोष्ट मी मुलीला सांगितली आणि ती दोन दिवसांनी म्हणाली, "बाबा, आपणही करूया. मान तुम्ही अ‍ॅल्युमिनियमची करा, क्रेमरसारखी. फिंगरबोर्ड शिसवाचा हवा. आजीच्या पलंगाचा."

तो पलंग माझ्या आजोबांनी केलेला. आमचं गावचं घर विकलं तेव्हा टेम्पोत घालून इकडे आणला, आणि इथल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो मावत नाही म्हणून सात वर्षं उभा करून ठेवलाय. माझे थोरले भाऊ फोनवर म्हणाले, "पलंगाला करवत लावलीस तर मी तुझ्या घरी पाणी पिणार नाही." मुलगी म्हणे, कपाटामागे उभा राहून तो कोणाच्या कामाला येतोय? दोघांचंही मला पटत होतं. मी इंजिनियर माणूस, मला मोजमाप द्या, मी कापून देतो. पण हे मोजमापाचं काम नव्हतं. घरात महिनाभर जेवताना हाच विषय. सौ. म्हणाली, एकदाचं काय ते ठरवा, नाहीतर मीच भंगारवाल्याला देते.

निर्णय आईने दिला. ती चौऱ्याऐंशीची आहे, आज पुढच्याच रांगेत बसली आहे. तिने नातीला विचारलं, "केवढं लाकूड लागतं गं?" नातीने हाताने दाखवलं. दीड फूट लांब, अडीच बोटं रुंद. आई म्हणाली, "मग पलंग कशाला मोडायचा? त्याच्या उशाला पुस्तक ठेवायची फळी होती, ती वाळवी लागली म्हणून तुझ्या आजोबांनी काढून ठेवली होती. माळ्यावर असेल." होती. एका बाजूने खाल्लेली, पण मधला दोन फूट भाग दगडासारखा. रंधा मारला तेव्हा आतून जांभळट-तपकिरी रेषा निघाल्या आणि सगळ्या घरात तो शिसवाचा वास. आई रंध्याजवळ खुर्ची घेऊन बसली होती. तिने छिलका उचलून नाकाला लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. भावाला मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मान वागळे इस्टेटमधल्या माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये केली. भरीव ठेवली असती तर मॅपलच्या चौपट भरली असती, म्हणून पाठीतून कोरून पोकळ केली. आता ती एक किलो शंभर ग्रॅम आहे. पाठीला सागाच्या दोन पट्ट्या. पडदे बसवायचं काम चालू आहे आणि त्याला घाई करता येत नाही. गणपतीपर्यंत होईल असं मुलगी म्हणते. मी तारीख देत नाही.

मागच्या टेबलावर चार तुकडे ठेवले आहेत. मॅपल, अ‍ॅल्युमिनियम, मोडलेल्या रॅकेटचा कार्बनचा दांडा, आणि त्या फळीचा उरलेला शिसव. चारही सारख्या लांबीचे. एका टोकाला दोन बोटांनी हलके धरायचे आणि मध्ये चमच्याने वाजवायचं. लहान मुलांनी आधी यावं. चहा होईपर्यंत मी तिथेच आहे, आणि कुणाकडे मान वाकलेली गिटार असेल तर तीही घेऊन या. ट्रस रॉडची अ‍ॅलन की माझ्या खिशात आहे.